चारही ईएल८४ एकदम थकले: खेड्यातल्या लाइनवर व्हॉल्व्ह कसे सांभाळावेत

प्रश्न थोडक्यात असा. दर्यापूर तालुक्यातल्या एका गावातल्या भाऊंनी मिस्त्रीकडून स्टीरिओ व्हॉल्व्ह अँप्लिफायर (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) बनवून घेतला आहे. स्पीकरला ताकद देणारे चार ईएल८४, त्यांच्या आधी बारीक सिग्नल वाढवणारे दोन ईसीसी८३, एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरला व्हॉल्व्हऐवजी डायोड. आउटपुटचे चारही ईएल८४ वर्षाच्या आत थकले. नवीन घातले, तर त्यातल्या उजव्या बाजूच्या जोडीचा आवाज आता फाटतोय. एका व्हॉल्व्हमध्ये निळा उजेड दिसतो. दुकानदार म्हणतो, जुने युरोपियन व्हॉल्व्ह घ्या, महाग पडतील पण टिकतील. एका मित्राने सांगितलं, सेट सकाळी लावायचा तो रात्रीच बंद करायचा, सारखं चालू-बंद केल्यानं व्हॉल्व्ह जातात. शिवाय आजोबांचा एक रेडिओ माळ्यावर पडलेला आहे, यूसीएच८१, यूबीएफ८९, यूसीएल८२, यूवाय८५ असे व्हॉल्व्ह आहेत, तो वडिलांसाठी पुन्हा लावायचा आहे. भाऊंनी एक फार चांगलं काम केलं, घरातलं व्होल्टेज मोजून लिहिलं: ओलिताच्या दिवसांत संध्याकाळी १८०-१८५, रात्री अकरानंतर २५५ पर्यंत. आणि ट्रान्सफॉर्मरवर प्रायमरी, म्हणजे लाइनला जोडायची बाजू, २२० लिहिलेली आहे.

भाऊ, कोणता व्हॉल्व्ह घ्यावा हे तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर पुढे देतो. पण तुमच्या मजकुरातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की चारही एकाच सुमारास थकले. एक व्हॉल्व्ह गेला तर संशय त्या व्हॉल्व्हवर, त्याच्या सॉकेटवर किंवा त्याच्या कपलिंग कंडेन्सरवर (मागच्या व्हॉल्व्हचा सिग्नल पुढे देऊन डीसी अडवणारा) घ्यायचा. एका बाजूची जोडी गेली तर त्या चॅनलच्या सर्किटवर. चारही गेले तर चौघांना मिळून जे मिळतं त्यावर, म्हणजे पॉवर सप्लायवर. आउटपुट व्हॉल्व्ह नुसत्या वयानं इतक्या लवकर मरत नाही. चांगल्या स्थितीत तो दोन ते पाच हजार तास चालतो, ईसीसी८३ सारखा छोटा त्याहून कितीतरी जास्त. रोज दोन तास ऐकलं तर वर्षाचे ७३० तास होतात. म्हणजे तुमचे व्हॉल्व्ह निदान अडीच-तीन वर्षं चालायला हवे होते. त्यांना कोणीतरी मारलं आहे, आणि तो कोण हे शोधल्याशिवाय पुढचा महागडा सेटही त्याच वाटेनं जाईल.

आता तुमचेच आकडे घेऊन हिशेब करू. ट्रान्सफॉर्मर २२० वर ६.३ व्होल्ट हीटरला, म्हणजे व्हॉल्व्हच्या आत तापणाऱ्या फिलॅमेंटला, देण्यासाठी गुंडाळला आहे. रात्री लाइन २५५ झाली की हीटरला मिळतात ७.३ व्होल्ट. साधारण दहा टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ५.७ ते ६.९. तुम्ही त्याच्या बरेच वर आहात. एचटी, म्हणजे व्हॉल्व्हच्या प्लेटला मिळणारा मोठा डीसी व्होल्टेज, तीही त्याच प्रमाणात चढते: २२० वर ३०० असेल तर २५५ वर जवळजवळ ३५०. ईएल८४ च्या डेटाशीटमध्ये प्लेटची (इलेक्ट्रॉन गोळा करणारा पत्रा) मर्यादा ३०० व्होल्ट आणि १२ वॅट, स्क्रीनचीही (प्लेटच्या आतली जाळी) ३०० व्होल्टच. आणि तुम्ही निवांत ऐकायला बसता ते नेमकं रात्री, जेव्हा विहिरींवरच्या मोटारी बंद होतात आणि लाइन चढते.

हीटर जास्त तापला की काय होतं ते समजून घ्या, म्हणजे बाकी सगळं आपोआप कळेल. हीटर ज्याला तापवतो त्या कॅथोडवर बेरियमचा लेप असतो, इलेक्ट्रॉन त्यातून सुटतात. प्रमाणाबाहेर तापला की बेरियम उडून शेजारच्या ग्रिडच्या, म्हणजे करंट कमी-जास्त करणाऱ्या जाळीच्या, तारांवर बसतो. मग ग्रिडही थोडे थोडे इलेक्ट्रॉन सोडायला लागते, ग्रिडवर नको तो पॉझिटिव्ह व्होल्टेज तयार होतो, बायस (कॅथोडच्या तुलनेत ग्रिडचा निगेटिव्ह व्होल्टेज, जो करंट आवरून धरतो) ढळतो, करंट वाढतो, व्हॉल्व्ह आणखी तापतो. हे एकदा सुरू झालं की वेग वाढतच जातो. उलट संध्याकाळी १८० वर हीटरला ५.१ मिळतात. त्यावर कॅथोड पुरेसे इलेक्ट्रॉन देऊ शकत नाही, आवाज दबतो, तबल्याची थाप पडली की फाटतो. कमी व्होल्टेजवर रोज तासन् तास चालवणंही कॅथोडला बरं नाही, पण माझ्या कामात मी जे मेलेले आउटपुट व्हॉल्व्ह पाहतो, ते बहुतेक जास्तीच्या व्होल्टेजनं किंवा बायस गेल्यानं मेलेले असतात.

तेव्हा पहिला खर्च व्हॉल्व्हवर करू नका, लाइनवर करा. तुमच्या सेटचे हीटर साधारण २३ वॅट घेतात, एचटी ५० च्या आसपास, नुकसान धरून शंभराच्या आत सगळं बसतं. याला ५०० व्हीएचा सर्वो स्टॅबिलायझर भरपूर झाला. रिलेवाला स्वस्त मिळतो, तोही चालेल, पण तो टप्प्याटप्प्यानं उड्या मारतो आणि प्रत्येक टकटकीला स्पीकरमध्ये आवाज येतो. कोणताही घ्या, त्यात हाय-व्होल्टेज कटऑफ असलाच पाहिजे. खेड्यात खरी भीती २५५ ची नाही, डीपीवर (गावाच्या ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रल सुटण्याची आहे. न्यूट्रल सुटलं की घरात ३५०-४०० व्होल्टही येऊ शकतात, मग अँप्लिफायर काय, फ्रीज-टीव्ही सगळंच जातं. कटऑफ नसलेला स्टॅबिलायझर त्यात स्वतःही जळतो आणि सेटही घेऊन जातो.

ज्यांना स्टॅबिलायझर नको असेल त्यांनी ट्रान्सफॉर्मर परत गुंडाळून प्रायमरीला २२०, २४०, २६० असे टॅप (वेगवेगळ्या व्होल्टेजसाठी वायरी) काढून घ्यावेत. जुन्या चांगल्या रेडिओंना मागे अशी सोय असायचीच. पण तुमच्याकडे एकाच दिवसात १८० आणि २५५ दोन्ही आहेत, टॅप रोज कोण बदलणार? तुमच्यासाठी स्टॅबिलायझरच.

इन्व्हर्टरवर सेट चालवता का ते लिहिलं नाही, पण लोडशेडिंगमुळे बरेच जण चालवतात म्हणून सांगतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर हीटर ठीक तापतो, कारण हीटरला सरासरी ताकद लागते. एचटी मात्र लहरीच्या टोकावर तयार होते. घरच्या २३० च्या लाइनचं टोक ३२५ ला असतं, स्क्वेअर वेव्हचं २३० लाच. म्हणून एचटी तीस टक्के पडते, आवाज बारीक होतो आणि सोबत भणभण येते. व्हॉल्व्ह यानं मरत नाही, पण लोक ‘व्हॉल्व्ह थकला’ म्हणून नवीन घेऊन येतात. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर हा त्रास नाही.

आता सारखं चालू-बंद करण्याबद्दल. मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे. थंड फिलॅमेंटचा रोध तापलेल्या फिलॅमेंटच्या कित्येक पट कमी असतो, त्यामुळे चालू करताना पहिला झटका मोठा बसतो. पण त्यासाठी दिवसाचे चौदा तास सेट चालू ठेवला तर वर्षाचे पाच हजारांवर तास होतात, म्हणजे एका वर्षात आउटपुट व्हॉल्व्हचं आयुष्य संपलं. त्यापेक्षा प्रायमरीत एनटीसी थर्मिस्टर (थंड असताना जास्त आणि तापल्यावर कमी रोध देणारा भाग) टाकून घ्या, झटका मऊ होतो, खर्च किरकोळ. ऐकायचं असेल तेव्हा लावा, अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त वेळ उठणार असाल तर बंद करा. काही सेटना स्टँडबाय स्विच असतो, हीटर चालू आणि एचटी बंद. पाच-दहा मिनिटांसाठी तो ठीक, पण तासन् तास हीटर तापलेला आणि करंट नाही, अशा अवस्थेत ठेवलं तर कॅथोडच्या लेपाखाली रोध तयार होतो आणि व्हॉल्व्हची ताकद जाते.

लाइन गेली की सेटचा स्विच हातानं बंद करायचा, ही सवय मात्र घरातल्या सगळ्यांना लावा. लाइन परत येते तेव्हा पहिली काही मिनिटं ती खालीवर होते, दोन-तीनदा येते-जाते. तेवढ्यात एनटीसी गरम असल्यामुळे तोही वाचवत नाही. लाइन आली, बल्ब स्थिर झाला, पाच मिनिटं गेली, मग सेट लावा.

उजव्या चॅनलचा आवाज फाटतोय, त्याकडे वळतो. यासाठी आत मोजावं लागेल, म्हणून आधी एक गोष्ट. यात ३०० व्होल्ट डीसी असतो आणि बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये तो राहतो. प्लग काढा, एचटीच्या कंडेन्सरवर १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड तारांनी काही सेकंद धरा, मीटरनं शून्य आलेलं पाहा, मगच हात घाला. चालू सेटवर मोजताना मीटरची काळी वायर सेट बंद असतानाच चेसिसला (सेटच्या आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला) क्लिपनं लावून ठेवायची, लाल वायर एका हातात, दुसरा हात पाठीमागे. पायात चप्पल, खाली कोरडं लाकूड. आणि स्पीकर जोडलेला नसताना व्हॉल्व्ह अँप्लिफायर कधीच चालवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज एवढा उसळतो की आतली वायंडिंग फुटते, आणि तो ट्रान्सफॉर्मर व्हॉल्व्हच्या सेटपेक्षा महाग असतो.

खोलीतला दिवा बंद करून आधी नुसतं पाहा. ईएल८४ च्या आत मधोमध करडा पत्रा दिसतो, तीच प्लेट. फिलॅमेंटचा नारिंगी उजेड वर आणि खाली दिसणारच, तो ठीक. प्लेटच्या करड्या पत्र्यावर मधल्या भागात मंद तांबूस डाग उठत असेल, आणि तो पाहता पाहता मोठा होत असेल, तर लगेच बंद करा. मिनिटभर आणखी ऐकून बघू असं म्हणायचं नाही. लाल झालेली प्लेट आतून वायू सोडते आणि त्यानंतर तो व्हॉल्व्ह पूर्वीसारखा होत नाही.

प्लेट लाल होत नसेल तर ईएल८४ च्या तीन नंबरच्या पिनवर, म्हणजे कॅथोडवर, किती व्होल्ट येतात ते बघा. तुमच्या सर्किटमध्ये बहुधा दोन्ही व्हॉल्व्हच्या कॅथोडना मिळून १३० ओहमचा एकच रेझिस्टन्स असेल, तिथे १० व्होल्टच्या आसपास यायला हवेत. पण जोडीतला एक जास्त ओढतोय आणि दुसरा मेलेला आहे, हे या एका आकड्यावरून कळत नाही. म्हणून मी माझ्याकडे आलेल्या अशा सेटमध्ये प्रत्येक व्हॉल्व्हला वेगळा २७० ओहम आणि वेगळा कंडेन्सर लावतो. त्यानं प्रत्येक व्हॉल्व्ह आपापला बायस स्वतः सांभाळतो, जोडी तंतोतंत जुळलेली नसली तरी निभावतं, आणि मोजणंही सोपं होतं. समजा कॅथोडवर ११ व्होल्ट आले. भागिले २७०, म्हणजे ४० मिलिअँपिअरच्या थोडं वर. त्यातले चारेक स्क्रीनचे वजा करा, उरले ३६-३७. प्लेट आणि कॅथोडमधला फरक ३०० व्होल्ट असेल तर गुणाकार ११ वॅट. बाराच्या आत आहे, चांगलं. हाच हिशेब तुमच्या रात्रीच्या २५५ व्होल्टवर केला तर १४ वॅटच्या पुढे जाईल, आणि मग चारही व्हॉल्व्ह का थकले याला वेगळं कारण शोधावं लागत नाही.

नंतर दोन नंबरची पिन, म्हणजे ग्रिड. तिथे चेसिसच्या तुलनेत शून्य हवं. अर्धा-एक व्होल्ट जरी पॉझिटिव्ह दिसला तरी काहीतरी गळतंय. गळतंय ते कुठून हे ओळखायची पद्धत सोपी आहे. सेट बंद करून थंड होऊ द्या, तो व्हॉल्व्ह काढा, थोडा वेळच चालू करून सॉकेटच्या त्याच पिनवर परत मोजा. व्होल्टेज गेला तर दोष व्हॉल्व्हमध्ये. राहिला तर कपलिंग कंडेन्सर गळतोय, मागच्या ईसीसी८३ च्या प्लेटवरचा डीसी तो पुढे सोडतोय. माझ्या अनुभवात जुन्या सेटमधला आउटपुट व्हॉल्व्ह मारणारा पहिल्या नंबरचा गुन्हेगार हाच. ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा नवीन प्लॅस्टिक फिल्म कंडेन्सर अगदी थोड्या पैशात येतो. मिस्त्रीनं जुन्या रेडिओतले मेणाचे किंवा कागदी कंडेन्सर काढून तुमच्या सेटमध्ये वापरले असतील, तर न मोजताच बदलून टाका.

तिसरी जागा सॉकेटची. इथे तुमच्या भागाची खास अडचण येते. तुम्ही खारपाणपट्ट्यात आहात. उन्हाळ्यात पारा ४४-४५ ला जातो, कुलरशिवाय बसणं अशक्य, आणि कुलरमध्ये जातं ते बोअरचं खारं पाणी. त्या पाण्याचे बारीक तुषार हवेसोबत खोलीभर फिरतात आणि पाणी उडून गेल्यावर मीठ जिथे बसलं तिथे राहतं. पूर्णेच्या काठच्या गावांमधून येणाऱ्या सेटचे व्हॉल्व्ह मी सॉकेटमधून काढतो तेव्हा पिनांवर, काचेला लागून, पांढुरका खरबरीत थर असतो. नखानं खरवडला तर भुकटी पडते आणि खाली पिन काळपट-हिरवी झालेली असते. ही भुकटी पावसाळ्यात दमट होते आणि दोन पिनांमधून करंट वाहू देते. प्लेट सात नंबरला, स्क्रीन नऊ नंबरला, ग्रिड दोन नंबरला, सगळ्या एकाच बोटभर सॉकेटात. शिवाय ग्रिडच्या पिनचा संपर्क सुटला की बायस जातो आणि प्लेट लाल होते. व्हॉल्व्ह चांगला, कंडेन्सर चांगला, तरी व्हॉल्व्ह मेला, असं घडतं ते इथे.

म्हणून कुलरची हवा सेटवर थेट येऊ देऊ नका. चालू व्हॉल्व्हची काच २०० अंशांच्या आसपास तापलेली असते, तिच्यावर पाण्याचा थेंब उडाला तर काच तडकते. सेट कुलरच्या समोरच्या भिंतीला न ठेवता बाजूच्या भिंतीला ठेवा, शक्य असेल तर कुलरच्या मागच्या अंगाला. कुलरमध्ये गोडं पाणी वापरायला मिळत असेल तर उत्तमच, पण प्यायच्या पाण्याची मारामार असताना तो सल्ला मी देणार नाही. कुलर आणि सेट एकाच बोर्डवर लावू नका, कुलरची मोटर सुरू होताना जो झटका येतो तो स्पीकरमध्ये ऐकू येतो.

पिना साफ करायच्या तर सेट बंद करून पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. व्हॉल्व्ह सरळ वर ओढा, लागलाच तर अगदी किंचित डोलवत. जोरानं वाकवला तर पिनेच्या बुडाशी काचेला केसाएवढी चीर जाते आणि हवा हळूहळू आत शिरते. वरचं काचेचं टोक धरून कधी ओढू नका. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापडानं पुसा, थर घट्ट असेल तर लाकडी दातकोरणीनं खरवडा, पॉलिश पेपर लावू नका. सॉकेटच्या भोकांसाठी दातांच्या फटीत फिरवायचा छोटा ब्रश मेडिकलमध्ये मिळतो, तो अल्कोहोलमध्ये बुडवून फिरवा. सॉकेटचे कान सैल झाले असतील तर सुईनं आत दाबून घट्ट करा. काच पुसताना छापलेला नंबर सांभाळा, कित्येक व्हॉल्व्हवरचा छाप बोटानंही निघतो आणि मग तो कोणता हे सांगणं अवघड होतं. बोटांचे डाग काचेवर राहिले तर व्हॉल्व्ह फुटतो असं काही जण सांगतात, ते हॅलोजन दिव्याबद्दल खरं आहे, ईएल८४ बद्दल काळजी करू नका.

धुळीपेक्षा मला भीती रुईची वाटते. आपल्याकडे भावाची वाट पाहत कापूस घरातच भरून ठेवतात, बैठकीच्या खोलीतसुद्धा. रुईचे तंतू हवेत तरंगतात आणि गरम हवेसोबत वर जाणाऱ्या झोतात ओढले जाऊन सेटवर बसतात. ट्रान्सफॉर्मर आणि व्हॉल्व्ह यांच्या मधल्या खाचेत त्यांचा गोळा जमतो. तो करपल्याचा वास आला तर लोक सेट जळाला म्हणून घाबरतात. पण त्याच खोलीत छतापर्यंत कापूस असेल तर घाबरायलाच हवं. कापूस भरलेल्या खोलीत व्हॉल्व्हचा सेट लावायचा नाही, एवढं माझं ऐका. बाकी दिवसांत आठवड्यातून एकदा कोरड्या मऊ ब्रशनं, सेट बंद आणि थंड असताना, धूळ काढा.

जागेबद्दल थोडंसं. जुन्या घरात रेडिओ भिंतीतल्या देवळीत ठेवायची पद्धत होती आणि वर भरतकामाचा रुमाल घालायचे. दिसायला छान, पण मागून आणि वरून हवा खेळत नाही. चहूबाजूंनी वीतभर जागा हवी, वर काहीही झाकण नको. बंद करून थंड झाल्यावर रुमाल घाला, उंदीर-पालींपासून तेवढंच संरक्षण. मे महिन्यात दुपारी खोलीच ४० च्या वर असताना ऐकायचं असेल तर ८ सेंटिमीटरचा छोटा पंखा कमी वेगानं मागून लावा, कोरडी हवा व्हॉल्व्हना फार मानवते. आणि मृगाचे ढग जमले की प्लग काढा, एरिअल असेल तर तीही. विजेचा कडकडाट सुरू झाल्यावर काढायला जाऊ नका, त्याआधीच काढा. अर्थिंगही बघून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगची सळई मातीपासून सुटते, तिच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालत जा.

निळ्या उजेडाचं राहिलं. काचेच्या आतल्या बाजूला चिकटलेला, संगीताच्या तालावर हलल्यासारखा वाटणारा गर्द निळा उजेड हा दोष नाही. भरकटलेले इलेक्ट्रॉन काचेवर आदळतात म्हणून तो दिसतो, उत्तम व्हॉल्व्हमध्येही असतो. जांभळट-गुलाबी धुकं प्लेटच्या आत, पत्र्यांच्या मध्ये भरलेलं दिसलं तर मात्र आत वायू आहे, तो व्हॉल्व्ह काढा. आणखी एक खूण, काचेवरचा आरशासारखा चंदेरी डाग, त्याला गेटर म्हणतात. उरलेला वायू शोषून घ्यायला तो बेरियमचा थर दिलेला असतो. त्याच्या कडा तपकिरी होऊन आकसायला लागल्या की त्याचं काम संपत आलं. पूर्ण पांढरा झाला म्हणजे हवा आत शिरली, त्या व्हॉल्व्हचं काही होत नाही.

आता दुकानदाराच्या सल्ल्याबद्दल. जुना न वापरलेला युरोपियन किंवा भारत इलेक्ट्रॉनिक्सचा ईएल८४ खरोखर मिळाला तर सोनंच. आपल्या देशात १९६१ पासून बंगळुरूला रेडिओचे व्हॉल्व्ह बनत होते आणि ते काही कमी प्रतीचे नव्हते. पण आज ‘जुना, न वापरलेला’ म्हणून मिळणाऱ्यात छाप पुसून नवीन छापलेले आणि सेटमधून उतरवून पुसलेले भरपूर असतात. तपासून पाहायला मीटर नसेल तर त्यात पैसे अडकवू नका. स्लोव्हाकियातल्या जेजे कंपनीचे किंवा रशियन बनावटीचे नवीन, जुळवलेले चार घ्या. रशियन ६पी१४पी हा ईएल८४ च्या जागी बसणारा अतिशय दणकट व्हॉल्व्ह आहे. अमेरिकन नंबर ६बीक्यू५ दिसला तर तोही ईएल८४ च, आणि १२एएक्स७ म्हणजे ईसीसी८३. पार्सल आलं की पेटीत ठेवून देऊ नका, त्याच आठवड्यात लावून, कॅथोडचे व्होल्ट मोजून, वहीत तारखेसह लिहून ठेवा. सहा महिन्यांनी परत मोजा. आकडा खाली खाली यायला लागला की तो थकतोय, वर चढत असेल तर ग्रिडकडे बघा. कान फसतो, वही फसत नाही.

ईसीसी८३ ला हात लावू नका, ते तुमच्या तक्रारीत कुठे नाहीत. चालू असताना पेन्सिलच्या खोडरबराच्या टोकानं हळूच टिचकी मारा, स्पीकरमध्ये घंटेसारखं वाजलं तरच तो बदलायचा, नाहीतर ते तुमच्या मुलांनाही पुरतील.

म्हणजे तुमच्या सेटसाठी क्रम असा: आधी स्टॅबिलायझर, मग सॉकेट साफ, मग ग्रिड आणि कॅथोडची मोजणी आणि लागला तर कपलिंग कंडेन्सर, आणि हे सगळं झाल्यावर नवीन व्हॉल्व्ह. उजव्या जोडीतला एखादा अजून वाचलेलाही असू शकतो, कंडेन्सर बदलून परत मोजा, मगच टाका.

आजोबांच्या रेडिओबद्दल जास्त काळजीनं वाचा. यू नंबरचे व्हॉल्व्ह असलेल्या सेटमध्ये सहसा वेगळा करणारा ट्रान्सफॉर्मर नसतो. चारही व्हॉल्व्हचे हीटर एकामागे एक जोडलेले, १०० मिलिअँपिअरवर चालणारे, आणि चेसिस थेट लाइनच्या एका वायरला जोडलेलं. दोन पिनांचा प्लग उलटा लागला तर पूर्ण चेसिसवर फेज येतो. याच कारणामुळे त्याला कधी अर्थिंग जोडायचं नसतं आणि बाहेरून मोबाइल किंवा टेपची वायर जोडायची नसते. दुरुस्ती करताना मी तो १:१ च्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरच लावतो, तुम्हालाही दुसरा मार्ग सांगणार नाही.

माळ्यावरून काढून थेट लाइनवर लावू नका. आधी मागचं झाकण काढून साफ करा, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि झुरळांनी खाल्लेला स्पीकरचा कागद बघून घ्या. मग प्रत्येक व्हॉल्व्ह काढून त्याच्या चार आणि पाच नंबरच्या पिनांमध्ये मीटरनं सलगता तपासा, या चारही व्हॉल्व्हचा हीटर त्याच पिनांवर आहे. हीटर एकामागे एक असल्यामुळे एकाचं फिलॅमेंट तुटलं की सगळे विझतात. ‘चारही गेले’ म्हणून चारही विकत घेणारे मी पाहिले आहेत, गेलेला एकच असतो. बहुतेक वेळा यूवाय८५ किंवा यूसीएल८२.

हीटर शाबूत असतील तर कागदी कंडेन्सर आणि फिल्टर कंडेन्सर बदलून घ्या, यूसीएल८२ च्या ग्रिडला जाणारा सगळ्यात आधी. त्यानंतर पहिल्यांदा लावताना ६० वॅटचा तारेचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये ठेवा, एलईडी इथे चालत नाही. बल्ब थोडा उजळून मंद झाला तर पुढे जा, लखलखीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. सगळं ठीक झाल्यावर वडिलांच्या हाती देण्याआधी मागचा पुठ्ठा सगळ्या स्क्रूंनी बसवा, आणि बटणांच्या बाजूला जे छोटे स्क्रू असतात त्यांची भोकं मेणानं बुजवा. तो स्क्रू दांड्याला टेकलेला असतो आणि दांडा चेसिसला, त्यामुळे फेज तिथपर्यंत येऊ शकतो.